मूळ प्रतीपेक्षा अकरा सेकंद जास्त

सत्तावीस फाइली एका डबीतून काढून दुसऱ्या डबीत ठेवायच्या, एवढंच काम होतं. मी चौतीस वर्षं दप्तरखान्याच्या नक्कल विभागात काढली. या हाताखालून लाखभर कागद गेले असतील. त्यामुळे सत्तावीस म्हणजे मला सकाळच्या चहाआधी उरकायचं काम वाटलं. त्या कामाला अडीच महिने लागले.

डबी म्हणजे रेकॉर्डर. काडेपेटीएवढा. आमची ही गेल्यावर तिच्या शिवणाच्या खणात सापडला, दोऱ्याच्या रिळांमागे. बटण दाबलं तर तिच्या गाण्याचा आवाज आला. मी अर्धा मिनिट ऐकलं आणि बंद केलं. मग मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला असते.

"आईचं गाणं आहे? बाबा, खरंच?"

"हो. सत्तावीस वेळा."

"मला पाठवा. आत्ताच्या आत्ता पाठवा. लहानपणी ऐकलेलं मला नीट आठवतही नाही आता." मग म्हणाली, "तुम्ही पूर्ण ऐकलंत का?"

"बॅटरी कमी आहे," मी म्हणालो. बॅटरी कमी होतीच, पण मी थांबलो ते त्यामुळे नाही.

आता हे सांगणं भाग आहे. एकतीस वर्षांच्या संसारात मी हिचं गाणं एकदाच ऐकलं होतं, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. ऑफिसातले दोघं माझ्याबरोबर घरी आले होते आणि ही आत काम करता करता गात होती. मी म्हणालो, "रेडिओ दुरुस्त झाला वाटतं!" दोघं हसले. मीही हसलो. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी गायली नाही, आणि खरी शरमेची गोष्ट अशी की हे माझ्या लक्षातही आलं नाही. रेकॉर्डरवर प्रत्येक फाइलची वेळ होती. सगळ्या दुपारच्या. तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी खरेदीखताची नक्कल ताडत बसलेलो असे.

मुलीला पाठवायचं तर फाइली आधी कॉम्प्युटरवर घ्यायला हव्यात. कॉम्प्युटरने त्या ओळखायलाच नकार दिला. चौकातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. त्या भिंग डोळ्याला लावूनच बोलतात, त्यामुळे समोरच्याला आपण सुटा भाग असल्यासारखं वाटतं.

"हा प्रकार फक्त याच कंपनीचा," त्या म्हणाल्या. "कुलूपबंद फाइली. कंपनीचा प्रोग्रॅम हवा, आणि रेकॉर्डर वायरीने जोडलेला हवा, तरच उघडणार. आणि ही बॅटरी बघितलीत? फुगलीय. हे फार दिवस चालणार नाही, काका. काय ते लवकर करा."

"पण आवाज जरासुद्धा बिघडता कामा नये."

"आवाजाचं मी नंतर सांगते. आधी प्रोग्रॅम मिळवा."

कंपनी पाच वर्षांपूर्वी बंद पडली होती. तिचा मदत कक्ष मात्र चालू होता. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात वावगं वाटत नाही. मदत कक्षाने कळवलं की रेकॉर्डर हिच्या नावावर आहे, सबब प्रोग्रॅमसाठी नोंदणीकृत मालकानेच अर्ज करावा. मी हिच्याच ईमेलवरून लिहिलं की मालक हयात नाही, सोबत मृत्यूचा दाखला जोडला आहे. दाखल्याची प्रत मी स्वतः साक्षांकित केली होती, जुन्या सवयीने. चार दिवसांनी उत्तर आलं. हिला उद्देशून.

"तुमच्या निधनाबद्दल आम्हाला खेद आहे. तुमचा अर्ज मंजूर करण्यात आला आहे. आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच तारे द्या."

मी तीन दिले. ही असती तर पाच दिले असते. कुणाला नाराज करायचं तिच्या जिवावर येई.

प्रोग्रॅम उघडला की पडद्यावर हिच्या नावाने स्वागत होई. तो फाइल बदलता बदलता ती वाजवतही असे, म्हणजे चार मिनिटांच्या फाइलला चार मिनिटं लागत. आणि दर दहा मिनिटांनी तो थांबून हिचं नाव घेऊन विचारी, "तुम्ही अजून इथे आहात का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. मिनिटभरात हो दाबलं नाही तर सगळं बंद, पहिल्यापासून सुरुवात. पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी पुरता मिनिटभर बघत राहिलो आणि ती फाइल वाया गेली. नंतर सवयीने हो दाबायला लागलो. खोट्या निवेदनावर सही करण्याची नोकरीतली ती पहिलीच वेळ. नोकरी संपल्यावरची, हे खरं.

इथे आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी प्रवेश केला. त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. उभ्या इमारतीत त्यांना डेसिबल म्हणतात. आयुष्यभर कर्ण्याशेजारी उभे राहिल्यामुळे त्यांचा उजवा कान गेला आहे, आणि डाव्याला आपण ओरडल्याशिवाय काही पोचत नाही, असं त्यांना वाटतं.

"भाऊसाहेब!" ते दारातून ओरडले. "फाइली बदलताय म्हणे! कितीवर ठेवलंय?"

"काय कितीवर?"

"नंबर! सोळावर असेल तर काढा. चोवीस करा! आणि तो चव्वेचाळीसचा आकडा आहे ना, तो शहाण्णववर न्या. गुणवत्ता म्हणजे आकडा. आकडा मोठा तर आवाज मोठा!"

मी सगळे आकडे वर नेले. फाइली फुगल्या. एकेक फाइल मुळाच्या वीसपट झाली आणि सहा फाइलींतच कॉम्प्युटरने जागा संपल्याचं जाहीर केलं. डेसिबल म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे!" जेवण अंगी लागतंय, अशा थाटात. मीही भाबडा. मला वाटलं इतकी जागा खातोय म्हणजे आवाजाला काहीतरी मिळालं असणार. कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेला. सोमवारी ठेवून घेतला, बुधवारी परत देते म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी भिंग काढलं. म्हणजे गंभीर बोलायचं होतं.

"काका, लहान कपातला चहा बादलीत ओतला तर चहा वाढतो का?"

"नाही."

"मग? रेकॉर्डर लहान. जागा वाचवायला त्याने आवाजातलं बरंच काही रेकॉर्ड करतानाच टाकून दिलंय. ते गेलं ते गेलं. आता कितीही मोठं भांडं घ्या, ते परत येत नाही. बिघाड न करता बदलणं म्हणजे एवढंच, की जे उरलंय त्यातलं आणखी काही जाऊ द्यायचं नाही."

बाईंनी विचारलं, पाणी देऊ का. नको म्हणालो. आकडे मुळाबरहुकूम करून घेतले आणि घरी आलो.

आता नक्कल विभागाचे नियम साधे आहेत. मूळ कागदावर जे आहे ते सगळं नकलेत आलं पाहिजे आणि जे नाही ते येता कामा नये. मुळात चूक असेल तर चूकही उतरवायची. शाई सांडलेली असेल तर ‘येथे डाग’ असं लिहायचं. तयार नक्कल एकाने वाचायची, दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून ताडायची. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची नाहीत, कारण माणूस स्वतःच्या चुका स्वतःला वाचून दाखवत नाही. मी सगळ्या नकला याच पद्धतीने ताडायचं ठरवलं. दुसरा माणूस डेसिबल. विभागात असताना याहून बहिरे सहकारी मी सांभाळले होते.

आम्ही दुपारी समोरासमोर बसायचो. मूळ रेकॉर्डर त्यांच्या डाव्या कानाला, नक्कल माझ्या हेडफोनमध्ये, दोन्ही एकदम सुरू. वहीत नोंदी. फाइल ९. चाळीस सेकंद, घसा साफ केला. एक मिनिट बारा सेकंद, चमचा पडला. दोघांनी एकदम बोट वर करायचं. सगळ्या फाइलींत चाल एकच होती, शब्द जवळजवळ नाहीत. जिना चढावा तशी वर जायची आणि शेवटच्या पायरीपाशी तुटायची. प्रत्येक वेळी तिथेच.

"पूर्ण येत नसेल त्यांना," डेसिबल म्हणाले. मला राग आला. घरच्या माणसाबद्दल असं बोलायचा हक्क फक्त घरच्या माणसाला असतो.

पहिल्या आठ फाइली तंतोतंत जुळल्या होत्या. फाइल ९ संपली. डेसिबलनी रेकॉर्डर कानावरून काढला. माझ्या हेडफोनमध्ये अजून आवाज होता.

गाणं थांबलं होतं, पण खोली चालू होती. म्हणजे कुणी न बोलता बसलेलं असलं की जो आवाज असतो तो. मग कुलपात चावी फिरली. दार उघडलं. कुणीतरी खोकलं. मग संपलं.

अकरा सेकंद.

"तुमचं बोट खाली आहे," मी म्हणालो.

"संपलं ना! माझं केव्हाच संपलं!"

मी हेडफोन त्यांच्या डाव्या कानाला लावला आणि शेवट पुन्हा वाजवला. डेसिबल ऐकत राहिले. मी त्यांना बारा वर्षं ओळखतो, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"भाऊसाहेब, हा खोकला तुमचा आहे."

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, जुनी यंत्रं वाजवताना शेवटचे काही सेकंद गिळतात, फाइलमध्ये मात्र ते असतात. पटण्यासारखं होतं. तुम्ही त्या दिवशी लवकर घरी आला असाल, रेकॉर्डरचं घड्याळ चुकलं असेल. तेही पटण्यासारखं होतं. मी वहीत लिहिलं: नक्कल मुळापेक्षा ११ से. जास्त, कारण तांत्रिक. सही केली. डेसिबलनीही केली.

पुढच्या फाइलींतही तेच. दहावी, अकरावी, बारावी. गाणं शेवटच्या पायरीला तुटतं, शांतता, चावी, दार, खोकला. निदान ती का थांबायची ते कळलं. तिला येत नव्हतं असं नाही. मी येत होतो.

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "हो की! तुमची चाहूल लागली की आई गप्प व्हायची. मला वाटायचं, तुम्ही दमून येता म्हणून." मग म्हणाली, "एकदा तरी पूर्ण असेल हो, बाबा. शेवट फार छान होता. मला शेवटच आठवत नाही."

चौदाव्या फाइलमध्ये चावी, दार, खोकला झाल्यावर टक, टक असा आवाज आला. लाकूड फरशीवर. डेसिबल माझ्या खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे बघायला लागले. मीही बघितलं. ती काठी मी हिला पोचवून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात घेतली, गुडघा बोलायला लागला म्हणून. फाइलवरची तारीख त्याच्या सहा वर्षं आधीची.

डेसिबलनी वहीवर सही केली नाही. "मला वर गॅसवर दूध आहे," म्हणाले आणि गेले. त्यांच्याकडे दूध नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटले की ते बहिऱ्या कानाची बाजू माझ्याकडे करायचे.

त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. ‘आपल्या सदनिकेत एक महिला विनानोंदणी वास्तव्यास असून ती दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत गायन करते, अशी लेखी तक्रार प्राप्त झाली आहे. पाहुणा नोंदणी अर्ज, नमुना चार, तीन प्रतींत सादर करावा.’

माझ्या इज्जतीचा असा पंचनामा कधी झाला नव्हता. मी ताड ताड सेक्रेटरींच्या खोलीवर गेलो. निघताना एक फाइल बदलायला लावलेली होती, सव्विसावी. बारा मिनिटांची. रागाच्या भरात ते विसरलो.

सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली आणि आवाज मऊ केला. तो मऊपणा मला जास्त झोंबला.

"काका, मी समजू शकतो. घर खायला उठतं. माणूस आहे. फक्त नोंद हवी."

"अहो, ती माझी बायको आहे."

"अरे वा! अभिनंदन. मग तर प्रश्नच नाही. कधी केलंत?"

"एकतीस वर्षांपूर्वी!"

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. मी रेकॉर्डर, फाइली, मदत कक्ष, सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग तक्रार वाचून दाखवली. "मंगळवारी दुपारी तीन ते साडेतीन, स्पष्ट आवाज, भिंतीपलीकडून." आणि म्हणाले, "म्हणजे कॉम्प्युटर वाजत होता तर. असं लिहून द्या, विषय संपला."

मी लिहायला घेतलं आणि थांबलो. त्या मंगळवारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंच्या टेबलावर होता, उघडून ठेवलेला. रेकॉर्डर माझ्या शर्टाच्या खिशात होता, आणि मी बागेत बसलो होतो.

"काय झालं, काका?"

"नमुना चार मला घरी न्यायला द्या," मी म्हणालो.

घरी आलो, चावी लावली, आत शिरलो. सव्विसावी फाइल पूर्ण झाली होती. चपला काढताना मला आठवलं की हे होणं शक्य नाही. दहाव्या मिनिटाला प्रोग्रॅमने विचारलं असणार, तुम्ही अजून इथे आहात का. घरात हो दाबायला कुणी नव्हतं.

नक्कल बारा मिनिटांऐवजी चौदा मिनिटांची होती. ऐकली. चाल शेवटच्या पायरीशी आली आणि तुटली नाही. वर गेली. मी तिथपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. मग चावी, दार, काठी. गप्प.

मी अंगणातल्या नळासारखा थेंब थेंब विचार करणारा माणूस आहे. पण इतकं मलाही कळलं. ही चावी माझी आत्ताची होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज ताठ.

"बाबा, सेक्रेटरीकाकांनी फोन केला होता. घरात कोण आहे?"

"तुझी आई."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "मी रजा टाकून येऊ का?"

"नको. एक फाइल राहिलीय. ती झाली की सगळं पाठवतो."

शेवटची फाइल सर्वांत मोठी होती, बावीस मिनिटांची. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. तोवर रेकॉर्डरचं झाकण बॅटरीने उचललं गेलं होतं. बाईंनी तो हातात घेतला नाही, कागदावर ठेवायला सांगितला.

"एकदा चालेल," त्या म्हणाल्या. "एकदाच. मधे थांबलं, पुन्हा लावायची वेळ आली, तर मी हमी देत नाही. समोर बसून राहा, काका. तो प्रश्न आला की लगेच हो दाबा. पाणी प्यायलासुद्धा उठू नका."

शहाण्या माणसाचा सल्ला होता. मी समोर बसलो तर बावीस मिनिटांची खरी नक्कल माझ्या हाती येणार, शेवटच्या पायरीपर्यंत. मुलीला तेवढं मिळेल. मी बाहेर गेलो आणि प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, तर दहा मिनिटांत सगळं बंद आणि ही फाइल कायमची गेली. सरळ हिशोब होता. मी दोन दिवस तो करत होतो. तिसऱ्या दिवशी जेवण आवरलं, टेबल पुसलं, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, कुणाला बसायला सोपं जावं म्हणून. तीन वाजता बटण दाबलं आणि काठी घेऊन बाहेर पडलो. दार हलकेच ओढून घेतलं.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो. आतून आवाज यायला लागला. बंद दारातून तो जास्त चांगला येत होता. कपातल्या चहाचं मला ठाऊक नाही, पण त्यात काही कमी वाटलं नाही.

चार मिनिटं झाली तेवढ्यात खालून सेक्रेटरी आले. हातात फाइल, काखेत रजिस्टर.

"बरं झालं, इथेच भेटलात. नमुना चार आला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पाहणी करावी लागणार. उघडा."

"आत्ता नाही."

"काका, आत बाई गातायत. मला ऐकू येतंय. उघडा, मी नमस्कार करतो, नाव लिहितो आणि जातो."

"अठरा मिनिटं थांबा."

"मला तीन इमारती आहेत!" त्यांनी माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे हात केला. मी किल्ल्या शर्टाच्या आत टाकल्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जिन्यात सेक्रेटरीशी झोंबाझोंबी करण्याची माझी इच्छा नव्हती, पण तयारी होती. ते त्यांना माझ्या तोंडाकडे बघून समजलं असावं. त्यांनी पायरी झटकली आणि माझ्या शेजारी बसले.

"अठरा," म्हणाले. "घड्याळ लावतो."

तीन वाजून दहा मिनिटांनी गाणं थांबलं.

"संपलं," सेक्रेटरी म्हणाले.

"प्रश्न आलाय."

"कसला प्रश्न?"

मी मोजत होतो. दहा. वीस. माझ्या मुलीला द्यायचं गाणं त्या साठ आकड्यांत होतं. तीस. वरचं दार उघडलं आणि डेसिबल कठड्यावरून वाकले. पस्तीस. चाळीसला आत खुर्ची सरकली. पुढे. मग एक बारीक टिक.

गाणं सुरू झालं.

सेक्रेटरींनी रजिस्टर मांडीवर घट्ट धरलं. "काका," ते हळूच म्हणाले, "आत कोण आहे?"

"लिहून देणार आहे मी. आता बोलू नका."

डेसिबल पायऱ्या उतरून आले आणि आमच्या वरच्या पायरीवर बसले, डावा कान दाराकडे करून. विसाव्या मिनिटाला पुन्हा थांबलं. या वेळी मला दहापर्यंतसुद्धा मोजावं लागलं नाही.

मग ती शेवटच्या पायरीपाशी आली. मी श्वास धरला. माझे पाय कुठे आहेत, काठी कुठे आहे, सगळं बघून घेतलं. काठी आडवी मांडीवर. खोकला आला होता तो गिळला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळला. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चाल वर गेली, तिथे जरा रेंगाळली, घाई नसलेल्या माणसासारखी, आणि मग एकेक पाऊल टाकत खाली आली. जिथून सुरू झाली होती तिथे येऊन पूर्ण झाली. शेवट खरंच छान होता. पोरीने चुकीचं सांगितलं नव्हतं.

फाइल बावीस मिनिटांची, आणि घड्याळात तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

सेक्रेटरी उठले, पँट झटकली. कामाची माणसं लवकर सावरतात.

"झालं ना आता?" ते म्हणाले. "उघडा."

मी उठलो. शर्टातून किल्ल्या काढल्या, बघितल्या आणि खिशात टाकल्या. मग माझ्याच घराची बेल वाजवली.

"अहो, काका, चावी आहे ना तुमच्याकडे? बेल काय वाजवताय?" सेक्रेटरींचा आवाज चिरकला. "कोण उघडणार आहे?"

"थांबा जरा," मी म्हणालो. "हात ओले असतील."